स्प्रिंगांना सोमवारची रजा

सोमवारी सकाळी साडेआठ वाजता सर्जेराव हवालदार स्प्रिंगांना रजा द्यायचे.

सांगलीतल्या एका सहकारी बँकेत मी काठीवाला वॉचमन होतो आणि ते बंदूकवाल्या गार्डांचे प्रमुख. फौजेतून निवृत्त होऊन आलेले, गाव उंब्रजच्या जवळचं. बँक उघडायची दहाला. त्याआधी मागच्या खोलीतल्या लोखंडी टेबलावर ते फौजेतल्या जुन्या कांबळ्याचा चौकोनी तुकडा अंथरायचे आणि त्यावर रायफलींची मॅगझिनं मांडायचे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: मॅगझिन म्हणजे गोळ्या भरायची पत्र्याची अरुंद डबी. तळाशी स्प्रिंग असते. वरून गोळ्या दाबून भरायच्या, स्प्रिंग खालून रेटत राहते, एक गोळी गेली की दुसरी वर येते. भरलेलं मॅगझिन म्हणजे दबलेली स्प्रिंग. आणि हवालदारांचं म्हणणं असं, की कायम दबलेलं काहीही असो, एक दिवस ते उठायचं विसरतं.

म्हणून प्रत्येक रायफलीला दोन मॅगझिनं. एकावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, दुसऱ्यावर दोन. एक आठवडाभर भरलेलं, दुसरं रिकामं. सोमवारी अदलाबदल. भरलेल्यातल्या गोळ्या ते अंगठ्यानं एकेक सरकवून काढायचे, कांबळ्यावर ओळीनं उभ्या करायचे, मोजायचे. मग रिकाम्या झालेल्या मॅगझिनकडं वाकून पाहत म्हणायचे, "जा. आठ दिस झोप काढ."

मॅनेजरसाहेब एकदा दारातून हे बघत उभे होते. म्हणाले, "हवालदार, स्प्रिंगला रजा देता. तुमच्या स्वतःच्या किती रजा पडून आहेत, माहितीय का?"

"मी काय दाबलेला हाय व्हय साहेब?" हवालदार मान वर न करता म्हणाले.

आम्ही सगळे हसलो. तेव्हा मला त्यात हसण्यापलीकडं काही दिसलं नव्हतं.

माणूस बुटका आणि रुंद. शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. चालताना हात फार हलायचे नाहीत. उजवा अंगठा मात्र बघण्यासारखा होता. आयुष्यभर गोळ्या दाबून दाबून तो पुढून चपटा झालेला, नख बैलाच्या शिंगासारखं जाड. पलटणीत ते आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. पलटणीत हत्यारांच्या खोलीला कोत म्हणतात. बावीस वर्षं ते कोतात बसले होते. त्यामुळं त्या अंगठ्याला एक खोड लागलेली. स्प्रिंग असलेली कुठलीही वस्तू दिसली की अंगठा आपोआप तिच्यावर जायचा. काउंटरवरची बॉलपेनं, टॉर्चचं झाकण, कागदाला लावायचा चिमटा, कॅशियरबाईंची खुर्ची. दाबायचे, सोडायचे आणि निकाल द्यायचे. "ही जगंल." "ही गेली." कॅशियरबाईंच्या खुर्चीबद्दल त्यांनी "ही गेली" म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी बाई खुर्चीसकट खाली बसल्या. तेव्हापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे आपापल्या वस्तू त्यांच्याकडून दाबून घ्यायला लागले.

मला ते "ए आठवी" अशी हाक मारायचे. मी आठवी पास झालो होतो. नववीत पंधरा दिवस गेलो, मग वडील अंथरुणाला खिळले आणि शाळा राहिली ती राहिलीच. दुसऱ्या कुणी तशी हाक मारली असती तर मला ती झोंबली असती. त्यांच्या तोंडी ती बिल्ल्यासारखी वाटायची. बँकेत पदवीवाल्यांची गर्दी. माझ्यासमोर रजिस्टर आलं की हाताला घाम सुटायचा. हवालदारांनी हे दोन दिवसांत ओळखलं आणि तिसऱ्या दिवशी सोमवारचं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं.

"लिव्ह."

"आबा, माझं अक्षर…"

"मला काय लग्नपत्रिका छापायची हाय व्हय? गोळ्या किती ते लिव्ह. आधी मोज. मोजल्याबिगर बोलायचं न्हाई, अन् मोजल्यावर भ्यायचं न्हाई."

सहा वर्षं दर सोमवारी मी ते रजिस्टर लिहिलं. मी स्वभावानं काळजीखोर. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार, घरी पोचलो की लागलं होतं का म्हणून परत येणार. बाकीचे गार्ड माझी टिंगल करायचे. हवालदार त्यांना म्हणाले, "आरं, कोतात असलीच माणसं लागत्यात. धाडशी गडी पुढं लढायला बरा. हत्यार जपायला काळजीवालाच पायजे." माझ्या दोषाला कुणी काम दिल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्यांचा एक किस्सा बँकेत अजून सांगतात. चेअरमनसाहेबांकडं परवान्याचं पिस्तूल होतं. दिवाळीनंतर एके दिवशी साहेब स्वतः मागच्या खोलीत आले. पिस्तुलाचं मॅगझिन टेबलावर ठेवून म्हणाले, "हवालदार, तुम्ही म्हणता तेच खरं झालं. वर्षभर भरून ठेवलं आणि स्प्रिंग मेली. काल सरावाला गेलो तर दोन उडाल्या आणि तिसरी वर येईना. रेंजवर सगळ्यांसमोर."

बाकीचे गार्ड हवालदारांकडं बघायला लागले. एवढ्या मोठ्या माणसानं त्यांचं म्हणणं भर खोलीत कबूल केलेलं. नुसतं "व्हय साहेब" म्हटलं असतं तर मान वाढला असता. हवालदारांनी चष्मा लावला, मॅगझिन रिकामं आहे याची दोनदा खात्री केली, तळ उघडून स्प्रिंग बाहेर काढली, अंगठ्याखाली दाबली, सोडली.

"स्प्रिंग झकास हाय साहेब."

"मग?"

त्यांनी डबीच्या आत चिमटा घालून खरवडलं. कांबळ्यावर लालपिवळा चिकट गोळा पडला आणि त्यात रुतलेले तांदळाचे दोन दाणे.

"खंडेनवमीला पूजा कुणी केली?"

"आमच्या मंडळींनी," साहेब म्हणाले.

"वहिनीसाहेबांचा हात लय मोकळा हाय. हळदकुंकू, अक्षता, वरनं खोबरेल. थंडी पडली, खोबरेल गोठलं. त्यात बिचाऱ्या स्प्रिंगनं काय करायचं?"

साहेब आधी गोरेमोरे झाले आणि मग एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेरचे खातेदार आत डोकावले. पुढल्या खंडेनवमीपासून बँकेत फर्मान निघालं: हत्यारांना फूल लांबून वाहायचं, कुंकू फक्त लाकडी दस्त्याला. आणि ते बोट हवालदार स्वतः लावायचे, करंगळीनं, एवढंसं.

मी नंतर त्यांना विचारलं, "आबा, साहेब तुमचंच म्हणणं मान्य करत होते की. तुम्ही खोडलं कशाला?"

"जिचा गुन्हा न्हाई तिच्या नावावर कसा घालायचा रं?" ते म्हणाले. मग, मला सांगतायत की स्वतःला ते कळेना असं, "जिचा हाय तिचा हाय."

तो गुन्हा कुठला, हे मला कळलं ते चौथ्या वर्षी.

दुपारी आम्ही दोघं गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत जेवायचो. त्या दिवशी त्यांचा फोन वाजला. पलीकडून एक पुरुषाचा आवाज, मोठा आणि आनंदी. मला इकडं ऐकू येत होता. "काका, यंदा तरी जत्रंला या. आई रोज इचारतीया. सुट्टी घ्या की दोन दिस."

"बघतो बाबा. ड्यूटी हाय," हवालदार म्हणाले.

फोन त्यांनी पालथा ठेवला. भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

"कोण हो आबा?"

"बिरूचा ल्योक."

मी पुढं विचारलं नाही. मला विचारायची भीती वाटते. पण त्यांनी सांगितलं. टाकीकडं बघत, कुणाला रिपोर्ट द्यावा तसं.

"बिरू माझ्या पलटणीतला. आटपाडीच्या पलीकडचा, मेंढरामागं वाढल्याला गडी. डोंगर चढताना आमी धापा टाकायचो, ह्यो शीळ घालत चढायचा. वरच्या एका पोस्टावर आमी हिवाळा काढला. तिथं मॅगझिनं भरून ठिवायची का रिकामी, असा सवाल निघाला. मीच सायबाला म्हणालो, भरलेलीच ऱ्हाऊ द्या. थंडीत बोटं वळत न्हाईत, ऐन टायमाला कोण भरत बसणार? चार म्हयनं भरलेली ऱ्हायली."

"मग?"

"मग एक दिस गोळीबार झाला. बिरूच्या रायफलीतनं पाच गेल्या. सहावी वर आलीच न्हाई. मॅगझिन बदलायला तो जरासा गुडघ्यावर उठला. तेवढंच. उठला अन् बसला."

खाली रस्त्यावरून एक रिक्षा भोंगा वाजवत गेली.

"चौकशी झाली. कारण समजत न्हाई असं लिवलं. मॅगझिन मोडीत काढायला माझ्याकडंच आलं. मी स्प्रिंग काढली. कोतातनं कोरी स्प्रिंग आणली, दोघी शेजारी हुब्या केल्या. बिरूची अंगठ्याच्या पेराएवढी बुटकी भरली. दबून दबून मेली व्हती. अन् भरून कुणी ठिवली?"

"तुम्ही कुणाला सांगितलं?"

"कुणी इचारलंच न्हाई. आता त्याची बायकू, सगुणावहिनी, दर जत्रंला बोलावती. बिरूचा जोडीदार म्हणून. सांग आठवी, तिच्या दारात कुठल्या तोंडानं हुबा ऱ्हाऊ?"

त्या शुक्रवारी त्यांनी मला ती स्प्रिंग दाखवली. त्यांच्या घरी, टूथपावडरच्या डब्यात, पेन्शनच्या कागदांशेजारी. लांबट चौकोनी वळणांची, करडी. ते तिला तेल लावत होते. गंजू नये म्हणून. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की सोमवारची ती सगळी मांडामांड आमच्या बँकेच्या रायफलींसाठी नव्हतीच.

पुढं बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. गार्ड कंत्राटी आले, आम्ही घरी गेलो. मला दोन महिने काम नव्हतं आणि त्या दोन महिन्यांत मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. हवालदारांनी त्यांच्या पलटणीतल्या एका जुन्या आर्मररला पत्र लिहिलं. तो सरदारजी आता लुधियानाजवळ एका स्प्रिंगांच्या कारखान्यात फोरमन होता. पत्र मला वाचायला दिलं होतं. त्यात एकच वाक्य माझ्याबद्दल: "मुलगा आठवी शिकलेला आहे, पण मोजल्याशिवाय बोलत नाही." त्या एका वाक्यावर मी आज इथं आहे, माझ्या घरच्यांच्या ताटात भाकरी आहे. गाडीत बसताना मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "आरं ऊठ, डबा चुकशील."

इथं येऊन पाचवं वर्ष. हिवाळ्यात धुकं असं पडतं की कारखान्याचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसत नाही. माणसं मनाची मोठी आहेत, जेवायला घालतात, मागं लागून घालतात. पण दिवसचे दिवस जातात आणि कुणी "काय रं" म्हणत नाही. कधी कधी मी मशीनच्या आवाजात स्वतःच मोठ्यानं "आवं आबा" म्हणून बघतो. कसं वाटतं ते बघायला. रविवारी फोन व्हायचा. ते आधी इथल्या स्प्रिंगांची चौकशी करायचे, मग माझी.

पहिल्याच महिन्यात फोरमननं मला एक गोष्ट दाखवली. मशीनवरून उतरलेली कोरी स्प्रिंग टेबलावर उभी केली, उंची मोजायला लावली. मग ती पार वेटोळ्याला वेटोळं टेकेपर्यंत दाबली आणि सोडली. "आता मोज." ती बुटकी झाली होती. पुन्हा दाबली, पुन्हा मोजली. आता तेवढीच. दहा वेळा दाबली, तेवढीच. तो म्हणाला, नवी स्प्रिंग पहिल्यांदा दाबली की थोडी बसते, आणि मग तिथंच थांबते. तिची खरी उंची तीच. आम्ही इथं ट्रॅक्टरच्या स्प्रिंगा गिऱ्हाइकाला देण्याआधी अशाच बसवून घेतो.

मी माप पुन्हा लावलं, पुन्हा वाचलं. फोरमनला वाटलं माझा त्याच्यावर विश्वास नाही.

कोरी. हवालदारांनी बिरूची स्प्रिंग कोऱ्या स्प्रिंगशेजारी उभी केली होती.

मी लगेच फोन करायला हवा होता, असं कुणीही म्हणेल. पण मी घाबरलो. मी कोण? आठवी. बावीस वर्षं कोतात काढलेल्या माणसाला मी सांगायचं की तुम्ही चुकीच्या जोडीशी मोजलंत? आणि माझंच चुकत असलं तर? मी फोरमनला सगळं सांगितलं. बिरूला तोही ओळखत होता. मग त्यानं त्या रायफलीच्या मॅगझिनची मापं डोक्यातून काढली आणि जुळत्या तारेच्या काही स्प्रिंगा हातानं वळून दिल्या. एक मी एकदाच दाबून सोडली. एक दोन पट्ट्यांमध्ये बोल्टनं आवळून माझ्या बाकाखाली ठेवली, सहा महिने, हिवाळाभर. एक मशीनवर लावली, दाब-सोड, दाब-सोड, हजारो वेळा. सहा महिन्यांनी बोल्ट काढला. आवळून ठेवलेली आणि एकदाच दाबलेली, दोघींच्या उंचीत नखाच्या जाडीएवढाच फरक. थकली होती ती तिसरी, मशीनवरची. दबून राहण्यानं फारसं काही बिघडत नाही. पुन्हा पुन्हा हलवण्यानं झीज होते, आणि तीही फार फार वेळा हलवल्यावर.

उरलेल्या तीन कोऱ्या स्प्रिंगा मी पिशवीत घातल्या आणि रजा काढली.

उंब्रजच्या फाट्यावर उतरलो तेव्हा हवालदार घ्यायला आले होते. वाळले होते. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलंच, पण आत मान सैल झालेली. घरी त्यांच्या बायकोनं, काकींनी, चहा ठेवला. ओसरीत बसल्यावर मी आधी इकडचं तिकडचं बोललो. मग सगळं एका दमात सांगून टाकलं, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

ते रागावले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोस व्हय रं? एवढ्या लांबनं त्येवढ्यासाठी आलास?"

"आबा, मी काही इंजिनीअर नाही. तुम्हीच दाबून बघा."

ते उठले, आत गेले, डबा घेऊन आले. बिरूची स्प्रिंग फरशीवर उभी केली. शेजारी माझी कोरी. कोरी उंच भरली. अंगठ्याचं एक पेर.

"ह्ये बघ," ते म्हणाले. आवाजात जवळजवळ जिंकल्यासारखं काहीतरी होतं. "ह्येच. ह्येच बघितलं मी तवा."

"आता कोरीला दाबा. पूर्ण. एकदाच."

त्यांनी ती दोन्ही तळव्यांत घेतली. चपट्या अंगठ्यानं दाबली, वेटोळ्यांना वेटोळी टेकली. सोडली. फरशीवर परत उभी केली.

दोघी सारख्या उंचीच्या.

त्यांनी हात पुढं केला. "किती आणल्यास?"

"तीन."

"तिन्ही दे."

दुसरी दाबली. तिसरी दाबली. चार स्प्रिंगा फरशीवर एका ओळीत उभ्या राहिल्या, आणि त्यातली बिरूची कुठली हे फक्त रंगावरून कळत होतं. काकी चहा घेऊन आल्या, आमची तोंडं बघून कप ठेवून गेल्या. चहावर साय धरली.

"दुसरी जुनी स्प्रिंग हुबी करून बघायचं सुचलंच न्हाई," ते शेवटी म्हणाले. "कोतात शंभर पडल्या व्हत्या. शंभर. मी कोरीच उचलली."

"त्या वेळी कुणालाही नसतं सुचलं आबा."

"मला सुचाय पायजे व्हतं. माझं काम व्हतं त्ये." बिरूची स्प्रिंग उचलून त्यांनी विचारलं, "मग सहावी का आली न्हाई?"

हा प्रश्न येणार हे मला गाडीत दीड दिवस माहीत होतं, आणि दीड दिवसात उत्तर सापडलं नव्हतं. "ठाऊक नाही. बर्फ शिरलं असेल. तेल गोठलं असेल. गोळीच वाकडी बसली असेल."

"म्हंजे आता कळायचं न्हाई."

"नाही कळायचं."

मला वाटलं, मी हे काय केलं? इतकी वर्षं त्यांच्याकडं निदान एक कारण होतं. मी आलो आणि तेही काढून घेतलं. मी म्हणालो, "चुकलं असेल तर माफ करा आबा."

त्यांनी ऐकलं नसावं. एका स्प्रिंगवर बोट ठेवून ते म्हणाले, "अन् सोमवारची रजा? तिचा काय उपेग झाला का न्हाई?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण त्यांनीच मला मोजून बोलायला शिकवलं होतं. "फायदा नाही. आठवड्यातनं एकदा काढल्या-भरल्यानं तोटाही नाही."

"म्हंजे ती रजा त्यांची नव्हतीच," ते म्हणाले आणि हसले. दात नसलेल्या बाजूनं, लाजल्यासारखं. "नुसती माझीच व्हती."

संध्याकाळी जेवायला बसलो. काकींनी दुसऱ्यांदा आमटी वाढली तेव्हा ते ताटाकडं बघत म्हणाले, "कराडातनं आटपाडीची गाडी सकाळी किती वाजता सुटती गं?"

काकींच्या हातातला डाव ताटावर आपटला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "मला काय म्हाईत? तुमी कवा गेलाय का तिकडं, का मला नेलंय?" आणि पदर डोळ्याला लावून आत गेल्या. थोड्या वेळानं आतून पेटी उघडल्याचा आवाज आला. त्या इस्त्रीचा शर्ट काढत होत्या.

जत्रा नव्हती, सणही नव्हता. ते कुणाला कळवूनही गेले नाहीत.

नंतर फोनवर त्यांनी मला त्या भेटीचा रिपोर्ट दिला तो असा: "गेलो. सांगितलं समदं. जेवलो." मी विचारलं, वहिनी काय म्हणाल्या? "म्हणाल्या, आवं भावजी, एवढ्यासाठी एवढी वर्षं लावली?" त्यानंतरच्या जत्रेला ते गेले, आणि त्याच्या पुढल्याही. या वर्षी जत्रेच्या आधीच ते वारले. मला कळलं तेव्हा मी मशीनवर होतो. फोरमननं मशीन बंद केली आणि त्या तासाला कुणीच ती पुन्हा चालू केली नाही. मला जाता आलं नाही. दहाव्याला आटपाडीहून सगुणावहिनी आणि मुलगा आले होते, असं काकींनी फोनवर सांगितलं.

पण माझ्या डोळ्यांपुढं ते आहेत ते कराडच्या स्टँडवर.

स्प्रिंगा दाबल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मला दुपारची रेल्वे पकडायची होती, तरी मी त्यांना गाडीत बसवायला गेलो. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. जागेवरून त्यांनी एका कॉलेजच्या पोरीशी वाद घातला, कारण ती त्यांना उठून जागा देत होती आणि ते घेत नव्हते. शेवटी खिडकीपाशी बसले. कंडक्टरनं घंटी दिली. मी खाली खिडकीजवळ उभा होतो. गाडीचं इंजिन सुरू होतं, बाई-माणसं ओरडत होती, आणि सर्जेराव हवालदार खिडकीचा गज धरून माझ्याकडं वाकले.

"आठवी."

"जी आबा?"

"तिथं गेल्यावर आधी काय म्हणायचं रं?"

इतक्या वर्षांत काय करायचं ते त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं; सांगितलं होतं. गाडी मागं सरकायला लागली, मी तिच्याबरोबर चालत राहिलो. आटपाडीसारख्या तहानलेल्या मुलखात, अनोळखी उंबऱ्यावर माणूस सगळ्यात आधी काय मागतो?

"पाणी मागा आबा," मी ओरडलो. "आधी पाणी मागा. मग बोला."

त्यांनी ऐकलं. ओठ हलले, ते वाक्य त्यांनी स्वतःशी एकदा म्हणून बघितलं असावं. मग हुकूम मिळालेल्या जवानासारखी मान हलवली, समोर बघून ताठ बसले, आणि गाडी वळणावरून विट्याच्या रस्त्याला लागली.